आर्डेलच्या शेडमधला पाऊस

"पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की, राहू द्या, उगाच तुम्हाला त्रास, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मुकाट्याने घ्यायचं. आणि घेतलेलं संपवायचं."

चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वाफेआडून आईने कानाशी पुटपुटलेलं हे बोलणं आर्डेल क्वामीला म्हातारपणीही जसंच्या तसं ऐकू यायचं. मिनेसोटाच्या त्या उत्तरेकडच्या भागात सगळ्यांच्याच आयांनी सगळ्यांना हेच शिकवलं होतं. त्यामुळे गावात कधी भांडण म्हणून झालं नाही. अडचण एकच होती. एखाद्याला एखादी गोष्ट खरोखरच नको असेल तर ते सांगायचं कसं, हे कुठल्याच आईने सांगून ठेवलं नव्हतं.

शाळेची बस चालवण्यातून आर्डेल मोकळा झाला आणि त्याने घरामागे शेड उभी केली. जमिनीत खांब पुरले, वर आणि चहूबाजूंनी पत्रा ठोकला. उन्हाळ्यात त्याने बायकोच्या, व्हर्नाच्या, स्वयंपाकघरातल्या कपाटांची जुनी दारं उतरवली. नवी दारं मेपलच्या लाकडाची, नाताळाला पाहुणे यायच्या आत बसवायची, असं ठरलं. पण लाकडाचं काम म्हणजे सरसाचं काम, आणि सरस गारठ्यात धरत नाही. उत्तरेचा वारा आधी पत्र्याला हात लावून बघतो, मग माणसाला. पानं झडली, तळ्यावर साय धरावी तसा बर्फ धरला, आणि आर्डेलच्या बरणीतला सरस मधासारखा घट्ट होऊन बसला. व्हर्नाच्या बशा, डबे, मिठाची बरणी, सगळा संसार उघड्यावर पडून होता. दारं वेळेत झाली नाहीत तर बायकोला पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागणार, हे त्याच्या मनाने घेतलं होतं.

शेड कशाने तापवायची याचा त्याने पानगळीचे सगळे दिवस विचार केला. आधी छताला आतून अस्तर लावायचं, मग गॅसवरची भट्टी छताला टांगायची, तिचा धूर नळीने बाहेर सोडायचा. दुकानात जाऊन तो भट्टी पसंतही करून आला. आणि दुर्दैवाने ते शेजारच्या डेलमरला बोलला.

"विकत कशाला घेतोस?" डेलमर म्हणाला. "माझ्याकडं पिंपाची चूल पडून आहे. तेलाचं पिंप कापून मी स्वतः केलेली. घेऊन जा."

"नको रे."

"अरे, ने की."

"राहू दे, उगाच तुला त्रास."

"त्रास कसला? गंजतेय नुसती. नेतोस ना?"

झालं. तिसऱ्यांदा विचारलं. आर्डेलच्या तोंडून "बरं, नेतो" असं निघून गेलं. संध्याकाळी ट्रकमधून चूल आली. चार माणसांना न हलणारी ती काळी चूल शेडच्या मधोमध बसली, तिचं धुराडं पत्र्यातून वर गेलं, आणि करवतीचं मेज कोपऱ्यात सरकलं. दुकानातल्या भट्टीला आर्डेलने फोनवरून नकार कळवला. फोनवर त्याला नकार जमायचा. समोर माणूस नसायचा ना.

चुलीजवळ उभं राहिलं की पुढून भाजायचं आणि मागून गोठायचं. आर्डेल तव्यावरच्या भाकरीसारखा स्वतःला उलटत काम करायचा. व्हर्नाचा भाऊ गेलन एकदा डोकावला आणि हळहळला.

"हे काय रे हाल तुझे! अरे, माझ्या बांधकामावरची तोफ आणून देतो. रॉकेलवर चालते. पाच मिनिटांत घाम फुटेल."

"नको, गेलन. चूल आहे."

"चूल कसली, ते पिंप आहे. आणू?"

"राहू दे रे, तुलाच लागेल."

व्हर्ना दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि काय होणार हे ओळखून ती घरात निघून गेली.

"आणतोच!" गेलन म्हणाला. "काय?"

"बरं," आर्डेल म्हणाला, आणि त्याचे खांदे बोटभर खाली आले.

तोफ म्हणजे खरंच तोफ. आडवं नळकांडं, एका तोंडाने ज्वाळा आणि आवाज असा की विमान उतरतंय. तिला धुराडं नव्हतं. जे काय निघायचं ते आतच. आता चूल विझवली तर डेलमरचा अपमान, कारण त्याला त्याच्या खिडकीतून धुराडं दिसायचं. तोफ बंद ठेवली तर गेलनचा, कारण तो जाता-येता कान देऊन ऐकायचा. म्हणून आर्डेल दोन्ही पेटवायचा. दोघे येऊन बसायचे, व्हर्नाने पाठवलेली कॉफी प्यायचे.

"काही वाईट नाही ऊब," डेलमर म्हणायचा. ही त्या मुलखातली सगळ्यात मोठी शाबासकी.

"चुलीमुळं नाही काही," गेलन म्हणायचा.

छताचं अस्तर तेवढं राहून गेलं. रॉकेल जळलं की ऊब येते तशी वाफही येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं बोलायचं म्हणजे गेलनच्या तोफेला नावं ठेवायची. वाफ वर जात होती, उघड्या पत्र्याला चिकटून गोठत होती, थरावर थर चढत होता. आणि दारांना शेवटचा सरस लावून, चाप आवळून आर्डेलने समाधानाने पाठ सरळ केली, त्याच सकाळी शेड अखेर खरोखर तापली.

पहिला थेंब त्याच्या टकलावर पडला. दुसरा मानेवर. मग पत्रा सगळीकडून गळू लागला. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि आत श्रावणझड. आर्डेलने मासेमारीचा रेनकोट चढवला.

"गळतंय वाटतं जरासं," डेलमर टोपी पुढे ओढत म्हणाला.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," गेलन म्हणाला. मग दोघांनाही घरी कामं आठवली.

दारं फुगली. काही वाकली. एका दाराची फळी सांध्यातून सुटून आर्डेलच्या बुटांपाशी पडली. त्याने तोफ बंद केली. चूल विझू दिली. एवढी शांतता त्या शेडमध्ये कित्येक दिवसांत झाली नव्हती. फक्त टप, टप.

व्हर्ना कॉफीचा थर्मास घेऊन आली तेव्हा तो उलट्या बादलीवर बसला होता. रेनकोटच्या टोपीतून पाणी ओघळत होतं.

"गेली दारं," तो म्हणाला. "नाताळापर्यंत आता होत नाहीत. पाहुण्यांसमोर तुझी—"

"आर्डेल."

"उद्या नवं लाकूड आणतो. डेलमर म्हणतोय त्याच्याकडं विजेची एक—"

"आर्डेल, ऐक जरा." तिने दुसरी बादली पालथी घातली आणि त्याच्यासमोर बसली. कॉफी ओतली, एक पेला त्याच्या हातात दिला. "दारं करू का, असं तू उन्हाळ्यात मला किती वेळा विचारलंस?"

आर्डेलने आठवून पाहिलं. तिसऱ्या वेळेशी आल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे तुला..."

"उघडी कपाटं मला आवडतात. सगळं कसं हाताशी दिसतं. पण तू फळ्यांना हात लावून बघायला लागलास, तुझे डोळे असे काही चमकले. मग कुठं बोलणार मी?"

"मग एवढे दिवस मी या पत्र्याखाली..."

"तेच तर." तिने त्याच्या बाहीवरचं पाणी पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं. "जन्मभर तू अंधारात उठून बस घेऊन गेलास. मी एकटी कॉफी प्यायले. वाटलं, आता तरी घरी राहशील. तर तू शेड बांधलीस. मला दारं नको होती रे. मला सकाळी समोर बसायला माणूस हवा होता."