रणपिसे काकांचा बर्फाळ मुलूख

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, गळ्याला मफलर गुंडाळून घरात बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. सांगवीत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो. रणपिसे काका. पडदे ओढलेले, पंखा बंद आणि टीव्हीवर जिकडे तिकडे बर्फ.

"पंखा लावा की काका."

"गप बस. उणे तीस आहे तिथं."

काका चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, वर्षभरात काकू गेल्या, मुलगी आधीच लग्न होऊन नागपूरला. तेव्हापासून एकच नाद: परदेशातल्या बर्फाळ मुलखातले खुनाचे पिक्चर. त्यातही एक फार लाडका. जंगलातलं गाव, एक बाई बेपत्ता, तिला शोधणारा एक म्हातारा पोलीस, आणि अडीच तास कुणी म्हणजे कुणी हसत नाही. स्वतः काकांनी बर्फ पाहिला तो रसवंतीतल्या लादीचा.

खुनी कोण हे पाठ असूनही ते वही-पेन घेऊन बसतात. पोलिसाने हातमोजे न घालता पुरावा उचलला की वहीत फुली. "रिजेक्ट. ह्याला आमच्या लाईनवर आठ दिवस ठेवायला हवा होता." मी नटांची तोंडं बघत बसलो की वैतागतात. "तोंडं काय बघतोस? माणूस खोटं बोलतो, बूट बोलत नाही. बूट बघ."

मी हसायचो. पण गेल्या वर्षी एका रविवारी आमच्या इमारतीतले शेलार आजोबा जेवणानंतर नाहीसे झाले. आजोबांना हल्ली काही लक्षात राहत नाही. त्यांचा मुलगा संदीप रडकुंडीला आला. कुणी नदीकडे पळालं, कुणी ग्रुपवर फोटो टाकला, दोघं-तिघं देवळांत बघून आले. तेवढ्यात काका जिना उतरून आले आणि कुणाशी न बोलता शेलारांच्या दारातल्या चपलांच्या मांडणीसमोर उकिडवे बसले.

"संदीप, चपला इथंच आहेत. काय घालून गेले?"

संदीपने खाली वाकून पाहिलं. "कंपनीचे जुने सेफ्टी शूज होते खालच्या खणात. ते नाहीत."

"कुठल्या कंपनीत होते?"

"कुरुळीला."

"मग हरवले नाहीत. ड्युटीवर गेलेत. बस कुठं थांबायची तेव्हा?"

संदीपला आठवेना. त्याच्या आईला आठवलं. स्टॉप आता तिथं नाही, उड्डाणपुलाचा खांब आलाय. आम्ही रिक्षाने पोचलो. खांबाच्या सावलीत आजोबा बसले होते, मांडीवर रिकामा डबा.

संदीप धावत निघाला, तर काकांनी त्याचा दंड धरला. स्वतः जाऊन आजोबांशेजारी खाली बसले.

"सेकंड शिफ्ट का?"

"व्हय. गाडी आली न्हाई अजून."

"यायची नाही आज. लाईन बंद आहे, सगळ्यांना सुट्टी दिलीय. तुम्हाला निरोप पोचला नाही वाटतं."

आजोबांचा चेहरा सैलावला. "आसं व्हय. मग चला घरी," म्हणाले आणि काकांचा हात धरून उठले.

एवढा हुशार माणूस, आणि आम्ही त्याच्या मफलरची टिंगल करत होतो. परत येताना जिन्यात मी म्हटलं, "काका, पिक्चर कामाला आला राव."

ते दोन पायऱ्या वर जाऊन थांबले. "मी तो खुनासाठी नाही बघत रे. ती बाई एकटी राहत असते. ती दिसत नाही, हे गावाला नवव्या दिवशी कळतं. तेही दूधवाल्यामुळे. बाकीचा पिक्चर कुणी कसाही काढला असता."

काकांनी कुलूप उघडलं, आत जाऊन खिळ्यावरची दुसरी किल्ली काढून आणली आणि माझ्या हातात ठेवली.

"उद्यापासून सकाळी आठला तुझी बेल वाजवतो. चहाबिहा नको, नुसतं दार उघडून बघ. नाही वाजली, तर ही किल्ली." आणि दार लावून घेतलं.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बरोबर आठला बेल वाजली. मी दार उघडायला उठलो तेव्हा तिने ओट्यावर तीन कप मांडलेले होते.