अकरा मिनिटांचा तत्काळ निर्णय

युद्धात कप्तानाचा निर्णय एखादे वेळी चुकला तरी चालतो, पण तो ताबडतोब घेतलेला असावा, असं युद्धशास्त्र सांगतं. (युद्धशास्त्राला स्वतःला समुद्रावर जावं लागत नाही.) या विषयावर मी दर सोमवारी प्रशिक्षणशाळेत व्याख्यान देतो. छातीवर पदक असल्यामुळे सगळे ऐकून घेतात.

युद्धाच्या चौदा महिन्यांत मी एकूण दोनशे सहा निर्णय घेतले. त्यांतले एकशे एकोणनव्वद 'मुख्यालयाला विचारा' असे होते, सोळा मुख्यालयाने परत पाठवले, आणि उरलेला एक माझा नव्हता. पदक त्या एकाबद्दल आहे.

त्या दुपारी आमच्यापासून दोन मैलांवर शत्रूच्या पाणबुडीने एक मालवाहू जहाज बुडवलं. एकोणीस माणसं पाण्यात पडली. पाणबुडी तिथेच दबा धरून बसली असेल, तर मदतीला जाणारं जहाज आयतंच तिच्या तोंडी पडणार, आणि माझ्या जहाजावर एकशे चाळीस माणसं. अशा वेळी काय करायचं ते नियमावलीत स्वच्छ लिहिलेलं आहे. नियम बत्तीस म्हणतो, बुडणाऱ्यांना वाचवावं. नियम तेहेतीस म्हणतो, पाणबुडीच्या टप्प्यात जाऊ नये. दोन्हींखाली सही एकाच साहेबांची आहे. (त्यांना पुढे बढती मिळाली.)

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बीण लावलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे मी नोकरीत फार लवकर शिकलो. पहिल्या मिनिटाला मी हवामान विचारलं. लख्ख ऊन पडलं होतं. तिसऱ्या मिनिटाला दोन अधिकाऱ्यांची मतं लेखी मागवली. पाचव्याला ती आली. दोघांनीही 'कप्तानसाहेबांशी सहमत' असं लिहिलं होतं. सातव्याला दुर्बिणीची काच पुसली. आठव्याला मुख्यालयाला संदेश धाडला, तर तिकडून कळलं की साहेब जेवायला गेलेत. पाण्यात एक माणूस शर्ट हलवत होता. तो हलवायचा थांबला तेव्हा मी काच पुन्हा एकदा पुसली.

सुकाणूवर मामा होते. जहाजावरचे सर्वांत जुने खलाशी. त्यांना मीही मामाच म्हणायचो. आमच्याकडे रिवाज असा की कप्तानाने हुकूम दिला की सुकाणूवाल्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच चाक फिरवायचं. परत म्हटलेला हुकूम शेजारी बसलेला लेखनिक वेळेसकट नोंदवतो. मुळात हुकूम दिला होता का, हे बघणं त्याच्या कामात येत नाही.

अकराव्या मिनिटाला मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "डावीकडे वळवा, थेट बुडणाऱ्यांच्या रोखाने. समजलं, साहेब."

मी काहीच बोललो नव्हतो. लेखनिकाने नोंद केली. चाक फिरवता फिरवता मामा हळूच म्हणाले, "नको असेल तर आत्ता सांगा. परत फिरवतो."

मी दुर्बीण खाली घेतली नाही. (अहवालात याला 'कप्तान शेवटपर्यंत अविचल होते' असं म्हटलं आहे.)

सतरा माणसं जिवंत वर आली. पाणबुडी केव्हाच निघून गेली होती. दोघं गेले, त्यांतला एक शर्टवाला. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं आधी पोचलो असतो तर वाचले असते. हे वाक्य अहवालात नाही, पण मला ते पाठ आहे आणि त्याची मला अजून लाज वाटते. पदक मिळालं तेव्हा मी ते मामांना द्यायला गेलो होतो. ते म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. हुकूम तुमचाच होता, नोंद आहे ना."

व्याख्यानात मी हे सगळं सांगत नाही. दोन मैल, एकोणीस माणसं आणि दोन नियम एवढं सांगून थांबतो आणि विचारतो, वळवाल की नाही? समोरचे अधिकारी वहीत डोकं खुपसतात. मग मागून कुणीतरी हात वर करून विचारतो, "सर, पण पाणबुडी तिथे होती का?"

तुमचं तसं नाही म्हणा. माझी अकरा मिनिटं वाचून तुम्ही हसलात, आणि जहाज लगेच वळवायला हवं होतं हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पाणबुडी निघून गेल्याचं वाचल्यावर.