ओल दाखवणारा माणूस

घर भाड्याने घेताना कुणी विजेचं मीटर बघतो, कुणी संडास, कुणी शेजारी. शशिकांत गवाणकर फक्त ओल बघत. त्यांची उभी नोकरी कोकणात गेली होती आणि तिथल्या ओल्या भिंतींनी त्यांच्या बायकोला, सुलभाबाईंना, दमा लावला होता. बँकेने बदली बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावला केली तेव्हा सुलभाबाई म्हणाल्या, "भिंतीला हात लावून बघा. ओल असेल तर मी माहेरीच बरी." हे रागाचं बोलणं नव्हतं. बायकोची धाप ऐकत काढलेल्या रात्री गवाणकर विसरले नव्हते, आणि या वेळी घर कोरडंच घ्यायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांनी त्यांना एक घर सुचवलं. दोन भावांचं जुनं दगडमातीचं घर, मधे एक सामाईक भिंत. अलीकडे थोरला आश्रुबा, पलीकडे धाकटा ज्ञानोबा. आश्रुबाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. चेअरमनांनी त्याला निरोप धाडला, "उद्या माणूस पाठवतो, जागा बघून जाईल."

घोटाळा इथेच झाला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, गाव टँकरवर जगत होतं. घरापाशी बोअर घ्यायचा म्हणून आश्रुबा कधीचा चेअरमनांच्या मागे लागला होता, की जमिनीतलं पाणी सांगणारा एखादा चांगला पाणाड्या पाठवा. आता जागा बघणारा माणूस म्हणजे दुसरा कोण असणार?

त्यात गवाणकर आले ते तळहातावर सोललेला नारळ घेऊन. कोकणातला माणूस कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाही. पण आमच्या भागात पाणाड्या पाणी शोधतो तो तळहातावर नारळ ठेवूनच, आणि पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहतो असं म्हणतात.

आश्रुबाने हात जोडले. गवाणकरांनी चपला काढल्या, कारण फरशीची ओल तळपायाला पहिल्यांदा कळते. पाणाड्याही अनवाणीच फिरतो. आश्रुबाची बायको चतुराबाई पदर सावरून दारात उभी राहिली.

"ओल कुठे आहे का?" गवाणकरांनी थेट विचारलं.

"त्येच तर तुमी सांगायचं!"

इतका सरळ घरमालक गवाणकरांना आजवर भेटला नव्हता. ते खूश झाले. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने भिंती चाचपत त्यांनी दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या. सगळं ठणठणीत कोरडं. मग ते मधल्या भिंतीपाशी आले, खाली वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला. वाकताना नारळ तळहातावर कलंडून उभा झाला.

"नारळ उभा ऱ्हायला!" चतुराबाई ओरडली.

"इथे ओल आहे," गवाणकर खोल आवाजात म्हणाले.

"लई हाय का?" आश्रुबाने विचारलं.

"भरपूर. खालून वर चढत आलीय. वाईट झालं हो!"

धरणीमातेचं पोट फोडायचं म्हणजे जाणत्याला वाईट वाटणारच, असं समजून आश्रुबा त्यांच्या पाया पडला आणि पहार घेऊन आला. गवाणकर गडबडले.

"अहो, राहू द्या! एवढ्यासाठी घर कशाला खणता?"

"तुमी निस्ती जागा दावा सायेब, खणायचं माझ्याकडं."

पहिल्या दणक्यालाच पलीकडून ज्ञानोबाची बायको मनकर्णा धावत आली. तिच्यामागे अर्धी गल्ली आली.

"भावजी, थांबा! हितं पानी-बिनी कायबी न्हाई!"

टँकर आला की सगळ्यात आधी घागर लावून बसणारी बाई पाणी नको म्हणते, याचं गल्लीला नवल वाटलं. आश्रुबाने ऐकलं नाही. पुढच्या घावाला पहार भिंतीच्या पायथ्यातून आरपार गेली आणि पाण्याची चिळकांडी उडाली.

"पानी लागलं! पानी लागलं!" एकच गिल्ला झाला. कुणीतरी गवाणकरांच्या कपाळाला हळदकुंकू फासलं. आश्रुबा डोळे मिटून ओंजळभर पाणी प्याला आणि त्याने डोळे उघडले ते मनकर्णाकडे बघतच.

"पावडरीचा वास येतोय. टँकरचं हाय हे."

पलीकडे जाऊन पाहिलं तर भिंतीला चिकटून सिमेंटचा हौद, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर गोधड्यांची चवड. ज्ञानोबा खाली मान घालून उभा होता. मनकर्णाला रडू कोसळलं.

"पोरीचं लगीन तोंडावर आलंय. पाव्हण्यांना काय थुका पाजू?"

आश्रुबाचा राग तिथेच विरला. "मला सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो का? माझी पोर न्हाई का ती?"

पण पाणी काही समेटाची वाट बघत नव्हतं. वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून सगळ्या गल्लीने घागरी लावल्या आणि हौद रिकामा केला. त्या गर्दीत गवाणकरांना एकदाचं सांगता आलं की आपण बँकेचे, भाड्याने खोल्या बघायला आलोय.

"मंग ओल कावून ईचारत हुता?" आश्रुबाने विचारलं.

"ओल नको म्हणून!"

ओल नको म्हणणारा माणूस वडगावात पहिल्यांदाच आला होता. आश्रुबाने त्यांना निरखून बघितलं आणि म्हणाला, "सायेब, मंग हे घर तुमचंच. नारळ तेवढा आत ठिवा, न्हाईतर पुन्यांदा उभा ऱ्हाईल."

भोक बुजलं, आणि बीडच्या उन्हात आठवडाभरात भिंत खडखडीत वाळली. सुलभाबाई आल्या. त्यांनी सगळ्या भिंतींना हात लावला, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पहिल्यांदा घर नीट बघितलंत हो," त्या म्हणाल्या. गवाणकर अभिमानाने फुलून गेले. "आता हातपाय धुते. पाणी कुठे आहे?"

गवाणकरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या चतुराबाईनेच उत्तर दिलं.

"हुतं की वैनी, ह्या भिंतीमागंच हुतं. पर तुमच्या मालकांना ओल सोसंना."