मगर शाकाहारी झाली त्याची गोष्ट

बाळांनो, एका जंगलात बुद्धीला अजिबात तोटा नव्हता. तिथे प्रत्येकाला रोज काही ना काही सुचायचं. सुचलेलं पिंपळाखाली येऊन सांगायचं. टाळ्या पडल्या की त्याचा सिद्धांत व्हायचा. नाही पडल्या, तर तो नुसता अंदाज. अशी तिथली रीत.

झुपकेराव कोल्ह्याने एका दुपारी नदीकाठी मगर पाहिली. तिचा जबडा उघडा होता आणि एक पाखरू आत खुशाल दात टोकरत होतं. तरी मगरीने तोंड मिटलं नाही. झुपकेराव शेपटी फुलवून तडक पिंपळाखाली आला. ती शेपटी म्हणजे त्याचा जीव की प्राण!

"मंडळी, मगर शाकाहारी झाली आहे! नदीपलीकडची जांभळं आता आपलीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो झुपकेराव," टिटवी म्हणाली, "हा अजून अंदाजच की. तिचं पोट भरलेलं असेल. आणि मगर आपल्याला खाते, हे कितीतरी जणांनी तपासून पाहिलंय. खोटं ठरवायला गेले, त्यांनीसुद्धा."

"मग बोलवा त्यांना!"

"ते आता कुठून येणार?"

"म्हणजे साक्षीदारच नाही! माझ्या बाजूने मी स्वतः उभा आहे."

पुन्हा टाळ्या.

तरी टिटवीने हट्टाने एक भोपळा नदीत सोडायला लावला. मगरीने तो एका घासात फस्त केला.

"भोपळा खाल्ला!" सगळे नाचू लागले. "शाकाहारीच की हो!"

झुपकेराव मात्र दोन पावलं मागे सरकला. भोपळा कसा गेला, ते त्याने जवळून पाहिलं होतं. पण माघार घ्यायची, तर घेतलेल्या टाळ्यांचं काय करायचं? लाजेपेक्षा मगर बरी, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. तो पाण्यात उतरला.

बाहेर आला तो किंचाळतच. जीव होता, शेपटी नव्हती.

टिटवीने हळूच विचारलं, "फार दुखतंय का हो?"

त्याला रडू फुटत होतं. चुकलो, असं सांगून टाकावंसं वाटत होतं. पण समोर सगळे टाळीसाठी हात उचलून थांबले होते.

"शेपटी तोडली," तो कण्हत म्हणाला, "पण बाकीचा मी तिने सोडून दिला. मांसाहारी असती, तर सोडला असता?"

असा कडकडाट जंगलाने कधी ऐकला नव्हता. झुपकेरावला बसता येत नव्हतं, म्हणून त्याने तो उभ्यानेच स्वीकारला. ससे टोपल्या घेऊन नदीकडे निघाले.

तात्पर्य: अंदाज तपासण्याआधीच त्यावर टाळ्या घेऊन ठेवाव्यात. पुढे तो चुकला, तरी त्या कोणी परत मागत नाही. मागायला येतील, ते ससे शिल्लक नसतात.