साडीवर शोभतील असे बूट

कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात, आरशासमोर, अनोळखी गिऱ्हाइकांच्या देखत मी नवी जीन्स घालून उकिडवा बसत होतो आणि गांगुर्डे काका माझ्यासमोर उभे राहून ओरडत होते, "अजून खाली! टाच उचलू नको!" मी अजून खाली गेलो. तेवढ्यात कमरेचं बटण सुटलं आणि टुणकन उडून ट्रायल रूमच्या पडद्याखाली गेलं. काका शांतपणे सेल्समनकडे वळले आणि म्हणाले, "जैसे थे!"

हा कवायतीतला हुकूम. झालेली हालचाल चुकली, पुन्हा आधीसारखे उभे राहा, असा त्याचा अर्थ. काका देवळाली कॅम्पला तोफखान्यात नव्या जवानांना कवायत शिकवायचे. शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन ते इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा तोफा मागे राहिल्या, पण हा हुकूम सामानाबरोबर आला. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत वळला, जैसे थे. काकूंच्या हातून आमटीत गूळ जास्त पडला, जैसे थे. "काढा आता गूळ वेचून," असं म्हणून काकू पळी त्यांच्याच हातात देतात.

आयुष्यभर लोकांचे पाय बघितल्यामुळे काकांना माणूस खालून वर दिसतो. आमची ओळख होऊन बरेच दिवस झाले, तरी त्यांनी माझा चेहरा पाहिला असेल याची मला खात्री नव्हती. एकदा भाजीबाजारात मी नमस्कार केला, तर त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या आणि मग म्हणाले, "अरे हां, डावी टाच झिजवणारा तू! वरचा!"

तेव्हापासून मी बूट किंवा जीन्स घ्यायला एकटा गेलेलो नाही. खरं तर आमच्या इमारतीतलं कुणीच जात नाही. काकांचे नियम सगळ्यांना पाठ आहेत. बूट संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय सुजतो. माप उभ्या पायाचं घ्यायचं, अंगाचं सगळं वजन टाकून. बूट लेसचेच हवेत. बिनलेसचे असतात त्यांना काका सपाता म्हणतात. आणि जीन्स कितीही शोभत असली तरी ती घालून उकिडवं बसता आलं नाही, तर ती परत. "उद्या कुणी समोर पडलं, तर काय उभ्यानेच बघणार का तू?" असं ते भर दुकानात विचारतात.

स्वतः काकांनी मात्र कधी जीन्स घातली नव्हती. कडक इस्त्रीची पँट, तिची धार अशी की कलिंगड कापावं. ती मोडू नये म्हणून ते लग्नात पंगत सोडून उभ्याने जेवायचे. "आपली स्टाईल ही," म्हणायचे. "बाकीचं तुम्हा पोरांचं." मी बेचाळीस वर्षांचा आहे.

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

सुमनकाकू मूळच्या लासलगावच्या. बाजार समितीतल्या लिलावाच्या गोंगाटात वाढल्यामुळे त्यांचं साधं बोलणंही दोन मजले ऐकू येतं. ऑपरेशननंतर तो आवाज बंद झाला. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, चांगले बूट घालून चाला, नाहीतर गुडघा आखडेल. पण काकू उंबऱ्याबाहेर यायला तयार नव्हत्या.

"साडीवर बूट? सर्कशीत चालले का मी? लोक हसतील."

"चपलेनं पाय मुरगळेल, सुमन."

"मंग नाय जात. घरातच बरी हाय मी."

जॉगिंग ट्रॅकवर काका एकटेच फेऱ्या मारू लागले. ताठ चालायचे, पण दर फेरीला मान आमच्या इमारतीकडे वळायची.

शेवटी त्यांनी काकूंना न सांगता बूट आणले. आणले अर्थातच संध्याकाळी. काकूंच्या पायात ते शिरेनात. बदलून आणले, तेही शिरेनात. "कोणाचं माप घेऊन गेले होते?" काकूंनी विचारलं. काका चिडून माझ्याकडे आले आणि वर्तमानपत्रावर पेन्सिलने काढलेलं पावलाचं माप माझ्यापुढे आपटलं.

"काका, हे माप घेतलं कधी?"

"दुपारी. ती झोपली होती तेव्हा."

बोलून झाल्यावर ते स्वतःच थांबले. उभ्या पायाचं माप घ्या म्हणून सगळ्या इंदिरानगरला दम देणारा माणूस झोपलेल्या पायाचं माप घेऊन दोनदा दुकानात जाऊन आला होता! मी हसणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून खुर्ची पुढे सरकवली.

"उभी राहा म्हटलं की ती घाबरते रे," ते म्हणाले. "डोळ्यांत पाणी येतं तिच्या. पोरांना मी उन्हात तासन् तास उभं केलं, आवाज चढवला. तिच्यापुढे माझा आवाजच निघत नाही."

मी म्हटलं, "बिनलेसचे घ्या ना. काकूंना वाकता येत नाही. लेस बांधणार कोण?"

काकांनी माझ्याकडे, चक्क चेहऱ्याकडे, पाहिलं. "मी काय मेलोय का?" मग आपल्या इस्त्रीच्या पँटची धार चिमटीत धरून पाहिली. "चल, कॉलेज रोडला," एकदम म्हणाले.

त्याच दुकानात, त्याच आरशासमोर, काका जीन्स घालून माझ्या खांद्याला धरत खाली बसले. गुडघे कटकन वाजले. सेल्समन घाबरून पुढे आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग माझ्या बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. समाधान झाल्यावर म्हणाले, "ही घेऊ."

घरी काकूंनी त्यांना पाहिलं आणि कित्येक दिवसांनी तो आवाज दोन मजल्यांवर घुमला. "आवो, काय घातलंय हे? कॉलेजात नाव घातलं का काय!" हसून हसून त्यांना ठसका लागला.

काका आरशापुढे असावेत तसे सावधान उभे होते. "तू साडीवर बूट घाल, मी या वयात ही घालतो. लोकांना हसायचंच असेल तर मला हसतील. तुझ्या पायाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही."

काकूंचं हसणं थांबलं. काका जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उकिडवे बसले. मग काकूंनी भिंत धरली, एक हात काकांच्या डोक्यावर टेकला आणि वर्तमानपत्रावर उभ्या राहिल्या. काकांनी पावलाभोवती पेन्सिल फिरवली. मला तिथून निघून यावंसं वाटलं, पण पाय निघाला नाही.

दोन दिवसांनी सकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो. खाली दोघं फाटकाशी आले होते. हिरवी साडी आणि तिच्याखाली पांढरे बूट. आणि खरं सांगतो, शोभत होते. समोरच्या इमारतीतल्या जोशीबाई दुधाची पिशवी हातात घेऊन तिथेच थबकल्या. "अय्या, गांगुर्डे काका, जीन्स!" बुटांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. काकू पदर तोंडाला लावून हसल्या आणि चालू लागल्या, हळू, थोड्या लंगडत. सगळ्या पलटणीची पावलं जुळवणारे काका शेजारून त्यांच्या पावलाला पाऊल मिळवायची धडपड करत होते.

चार पावलांवर काकू थांबल्या.

"घट्ट बांधली हो लेस," त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जैसे थे!"

काका तिथेच, भर रस्त्यात, लगेच खाली बसले. टाच उचलली नाही.