शंभर टक्क्यांनंतरची नोंद

आमच्या मजल्यावरचे म्हात्रे सर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टक्क्यांत देतात. लिफ्ट दुरुस्त झाली का? "साठ टक्के." टाकी भरली का? "पन्नास. आता ढाल दिसेल." ही ढाल काय भानगड आहे, हे सोसायटीत कुणी विचारत नाही. मी एकदा विचारलं आणि माझा रविवार गेला.

सर करंजाड्याचेच, गावठाणातले. शेतं गेली, इमारती आल्या. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बोटभर पट्टेरी मासे पाळू लागले. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे कालवणात गेले, त्या घरातला माणूस माशांना थंडी वाजू नये म्हणून हीटर लावतो, याचं त्यांच्या भावकीला फार वाईट वाटतं. रात्री नर-मादीच्या मध्ये काचेचा पडदा घालायचा, उजाडल्यावर काढायचा. अंडी मिळाली की सर दिवसभर सूक्ष्मदर्शकाला चिकटलेले.

त्यात बघायचं काय, तर बलकाचा एक गोळा आणि त्याच्या डोक्यावर पेशींची टोपी. या पेशी एकमेकींत शिरत, पातळ होत खाली सरकतात आणि मोदकाची पारी सारणावर मिटावी तसा बलक झाकत जातात. अर्धा झाकला की पन्नास टक्के. तिथे एका बाजूला पेशी दाटून उंचवटा होतो, तीच ती ढाल. शंभर टक्क्यांना दहा तास लागतात. पुढे पेशींनी मागून आवळलं की गोल बलकाला शेपटीकडे दांडा फुटतो. मी 'पिवळा बलक' म्हणालो तर सर दुखावले. एरवी छापील बोलणारा हा माणूस माशांवर आला की थेट गावच्या बोलीत शिरतो. "पिवला कोंबडीचा, देशपांडे. यांचा काचेसारखा हाय."

या नादापायी त्यांची एकुलती मुलगी दुरावली. तीन वर्षांपूर्वी दर्शनाची हळद होती. आगऱ्यांकडे हळदीचा थाट लग्नाहून मोठा. मांडव दहा मिनिटांवर गावठाणात, अख्खं गाव जमलेलं, बेंजो वाजतोय आणि बापाचा पत्ता नाही. साडेसातला उगवले. "अंडी नव्वद टक्क्यांवर व्हती," एवढंच म्हणाले. आईविना वाढलेली ती पोर सगळ्यांसमोर रडली. तेव्हापासून सणासुदीला दोन मिनिटांचा फोन, बस. मीही सरांना यथेच्छ नावं ठेवली, काही तर तोंडावरच.

गेल्या जानेवारीत कळंबोलीहून, तिच्या सासरहून, डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. "बाबा, चार म्हणजे चार," तिने बजावलं होतं. "या वेळी उशीर झाला तर परत बोलावणार नाही." आणि सरांनी नेमका त्याच सकाळी सवयीने माशांमधला पडदा काढला.

दुपारी तीनला सर माझ्या दारात हजर. अंगात कडक इस्त्रीचा झब्बा, हातात घराची किल्ली. पंचाहत्तर टक्के झालेत, उरलेले तुम्ही बघा, शंभरची वेळ तेवढी वहीत लिहा, असं म्हणून ते निघालेसुद्धा. गडबडीत माझ्याच चपला घालून गेले. पावणेचारला दर्शनाचा मेसेज आला, 'काका, बाबा आले. खरंच आले.'

मी कामाला बसलो. पहिली पंधरा मिनिटं भिंगातून मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग अंडं दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तिथून उठवेना. पाच वाजून तीन मिनिटांनी खालचं शेवटचं भोक मिटलं. मी वेळ लिहिली आणि रिकामा वेळ म्हणून वहीची जुनी पानं चाळू लागलो. सगळीकडे तारीख, वेळ, टक्के. एका पानाच्या डोक्यावर मात्र लिहिलं होतं, 'आज दर्शनाची हळद.'

४.५५ – शंभर टक्के.
५.३० – बसून आहे.
६.१० – रडू थांबत नाही.
६.४५ – डोळे धुतले.
७.०० – अजून लाल. पुन्हा धुतले.

म्हणजे अंडी पाचच्या आतच आटोपली होती. पुढचे दोन तास हा बाप घरात एकटा बसून मांडवात नेण्यासारखे डोळे होण्याची वाट बघत होता. मला माझी फार लाज वाटली. विचारायला हवं होतं हे कळत होतं, तरी न विचारता मी त्या पानाचा फोटो काढून दर्शनाला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

साडेसातला सर परतले. केसांत फुलाची एक पाकळी, हातात लाडवांचा डबा, पायात माझ्या चपला. मी वही पुढे केली, पाच वाजून तीन मिनिटं म्हणून सांगितलं. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. डोळे लालभडक झाले होते, सुजले होते, आणि त्याची त्यांना काही फिकीर दिसत नव्हती.

"देशपांडे, आज नाय धुतले," ते म्हणाले. "पोरगी म्हनाली, ऱ्हाऊ द्या."