सदोबा साळिंदराचे अंगण

एका जंगलात रस्ता येण्याआधी मोटार आली.

ती दाजीबा तरसाची होती. ती चालत नसे. पण बालमित्रांनो, मोटार चालते की नाही हे कोणी विचारत नाही. कोणाची आहे, एवढेच विचारतात.

दाजीबाने ती चार रानरेड्यांकडून ढकलत आणली आणि सदोबा साळिंदराच्या अंगणात उभी केली. स्वतःच्या अंगणात त्याला तुळस लावायची होती.

आठ दिवसांवर सदोबाच्या एकुलत्या एका लेकीचे, सोनसळीचे लग्न होते. मांडव अंगणातच पडायचा होता. लेकीला डोळे भरून बोहल्यावर पाहायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

तो दाजीबाकडे गेला. "तेवढी मोटार हलवता का? घरात कार्य आहे."

"मग बरंच झालं की," दाजीबा जांभई देत म्हणाला. "दारात मोटार असली की घराला शोभा येते."

सोनसळी समजूतदार होती. "राहू द्या हो बाबा. मोटारीवर चादर टाकू आणि तिच्यावरच बसू. बोहलं बांधायचं वाचेल."

"जागा माझी आहे," सदोबा म्हणाला. त्याचे काटे उभे राहिले. "कायदा म्हणून काही आहे की नाही?"

कायदा होता. तीच तर पंचाईत होती.

जंगलपालिकेत टेबलामागे घोरपड बसे. तिने खुर्ची धरली त्याला बारा पावसाळे झाले होते.

"पायवाटेवरची मोटार आम्ही न विचारता उचलतो," ती म्हणाली. "खाजगी अंगणातली उचलायला आधी पाटी लागते. येथे वाहने उभी करू नयेत."

सदोबाने पाटी लावली.

"ही मोटार येण्याआधी लावायला हवी होती," घोरपड म्हणाली.

"मग आता?"

"आता तिच्यावर मागची तारीख घाला."

मग मालकाला पाच दिवसांची नोटीस. ती मोटारीच्या काचेवर चिकटवायची होती. दाजीबाने त्या नोटिशीनेच काच पुसली. पाच दिवस मात्र भरले.

मग अर्ज. त्यातला शेवटचा रकाना घोरपडीने वाचला. "अंगणात मोटारी किती मावतील?"

शहाण्याने सांगितले असते, एकसुद्धा नीट मावत नाही. पण सदोबाने व्याह्यांपुढे या अंगणाची फार फुशारकी मारली होती, आणि एकदा लागलेली सवय सुटत नाही.

"पणजोबांपासूनचं अंगण आहे," तो छाती फुगवून म्हणाला. "बारा सहज मावतील."

घोरपडीने बारा लिहिले. सदोबाने आपलाच काटा उपटून, शाईत बुडवून खाली सही केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी हत्ती आला आणि सोंडेने मोटार उचलून घेऊन गेला. सदोबाने आळीत साखर वाटली. कायद्याचे राज्य आहे, असे तो ज्याला त्याला सांगत सुटला.

लग्नाच्या सकाळी हत्ती मोटार घेऊन परत आला. मागे आणखी अकरा मोटारी होत्या.

"उचललेल्या मोटारी ठेवायला पालिकेला जागा नाही," सोबत आलेल्या घोरपडीने कागद वाचला. "सबब त्या तंटामुक्त खाजगी अंगणात ठेवाव्यात. असे अंगण एकच सापडले. क्षमता बारा, मालकाच्या सहीनिशी."

सदोबाने पाटीकडे बोट केले.

"पाटी वाहनांसाठी आहे," घोरपड म्हणाली. "हा जप्तीचा मुद्देमाल आहे."

मुद्देमालावर राखणदार हवा. मोटारींची माहिती असलेला म्हणून दाजीबाला नेमले. त्याला शिट्टीही मिळाली.

मांडव हत्तीच्या पायाखाली गेला. वऱ्हाड आले. व्याही मोटारी पाहून हरखले. "एवढा थाट! बोलला नाहीत कधी." ते पटापट टपांवर चढून बसले. दाजीबाने नवरा-नवरीला कौतुकाने आपल्या मोटारीवर बसवले. सदोबाही चढू लागला, तशी शिट्टी वाजली.

"तक्रारदाराने मुद्देमालाला हात लावायचा नाही."

सदोबा दोन चाकांच्या मध्ये उभा राहिला. वरून मंगलाष्टके ऐकू येत होती. त्याने टाचा उंचावून अक्षता फेकल्या. त्या दाराच्या पत्र्यावर आपटून त्याच्याच अंगावर पडल्या. मग मात्र तो रडला. सगळ्यांना वाटले, लेक सासरी चालली म्हणून.

तात्पर्य : अन्याय निमूट सोसावा. एकटा आलेला अन्याय हळूहळू घरात रुळतो; दाद मागितली की तो भावंडांना घेऊन येतो. तरीही मागायचीच असेल, तर अंगण लहान सांगावे.